दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

म्हातारपणीच्या विस्मरणावर बोलायला या, असा संघाच्या चिटणीसांनी फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'मॅडम, घाबरवू नका, पण खरं सांगा.' तेवढी अट मनाशी धरून आले आहे. मी पस्तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवली. नाडी बघून औषध लिहून देणारी डॉक्टर मी नाही. रोग झालेला अवयव कापायचा, त्याचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे माझं काम. मेंदूही पुष्कळ हाताळले. तरी आज सुरुवात मेंदूपासून करत नाही, दुधापासून करते.

माझी आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात तिचं आयुष्य गेलं. ओट्याशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर असायचं आणि त्यावर दुधाचे खाडे. दूध घेतलं नाही त्या तारखेवर 'खा', अर्धा लिटर जादा घेतलं तर तारखेखाली छोटीशी आडवी रेघ. महिनाअखेरीला गवळी दारात यायचा, ती कॅलेंडरकडे एक नजर टाकायची आणि तोंडी हिशोब सांगायची. गवळ्याची वही कधी कधी चुकायची, आत्याचा हिशोब नाही. ती गेल्यावर घर आवरताना माळ्यावर सुतळीने बांधलेली कॅलेंडरांची गुंडाळी सापडली. अकरा वर्षांची. मी जमिनीवर बसून ती वर्षांप्रमाणे लावली.

पहिली चार अगदी स्वच्छ. पाचव्यात एकाच तारखेवर दोनदा 'खा' लिहिलेलं दिसलं, आणि श्रावणाच्या पानाखाली बेरीज तीनदा केलेली, दोनदा खोडलेली. सहाव्यात खाडे पुढच्या, अजून न आलेल्या तारखांवर पडायला लागले. आठव्यात आडव्या रेघा सगळीकडे, जणू रोजच जादा दूध आलं होतं. अकराव्यात नुसत्या उभ्या काड्या, पहिलीतली मुलं काढतात तशा.

आम्हा घरच्यांच्या लक्षात कधी आलं, तर नवव्या वर्षी. देवळातून परतताना ती वाट चुकली आणि एस.टी. स्टँडवर सापडली, तेव्हा. त्याआधी घरात कोणीही काही म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं, 'वय झालं आता. साठी बुद्धी नाठी.' एका डॉक्टरांनी तपासून 'वयोमानाप्रमाणे' असं लिहिलं आणि टॉनिक दिलं. मी स्वतः सुट्टीत तिच्याकडे जायचे, तिची गडबड बघायचे आणि तेच म्हणायचे. ज्या बाईने असे मेंदू वर्गात बरणीतून काढून मुलांना दाखवले, तीसुद्धा. याचं मला आजही फार वाईट वाटतं. म्हणून आज बोलायचं आहे ते या म्हणीविरुद्ध. ही म्हण खोटी आहे, आणि तिच्यामुळे माणसांची वर्षं वाया जातात.

आता तुम्हाला १९०१ सालच्या जर्मनीत नेते. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात नोव्हेंबरमध्ये एक बाई दाखल झाल्या, ऑगुस्ट डेटर. वय ५१. आधी नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या होत्या, मग स्वयंपाकात चुका, मग वस्तू कुठेतरी लपवून ठेवणं. तिथले डॉक्टर अलोइस अल्झायमर त्यांच्यासमोर बसले आणि प्रश्नोत्तरं स्वतःच्या हाताने टिपून घेतली. नाव काय? ऑगुस्ट. आडनाव? ऑगुस्ट. नवऱ्याचं नाव? 'ऑगुस्ट, वाटतं.' जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय असं विचारलं तर म्हणाल्या, पालक. मग त्यांना नाव लिहायला सांगितलं. 'श्रीमती' एवढा शब्द लिहिला आणि हात थांबला. पुढचं काय लिहायचं ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. त्या अर्धवट ओळीचा कागद फाइलमध्ये राहिला. फाइल हरवली होती, ती डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्याच दप्तरखान्यात सापडली. तिची छायाचित्रं मी पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा आत्याच्या कॅलेंडरची आठवण झाली.

८ एप्रिल १९०६ रोजी त्या गेल्या. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते, मेंदू तिकडे पाठवण्यात आला. चांदीच्या क्षारांनी काप रंगवायची तेव्हा नवीन असलेली पद्धत त्यांनी वापरली आणि त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके, ज्यांना आपण प्लाक म्हणतो. आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. पुंजके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यांचे असतात आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे पुष्कळ नंतर कळलं. पण दिसले ते तेव्हाच, आणि आजही सूक्ष्मदर्शकाखाली तेच दिसतात. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन इथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडलं. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अल्झायमर यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचं नाव दिलं, पण चाळिशी-पन्नाशीत होणारा एक दुर्मीळ रोग म्हणून. सत्तरीच्या माणसाला हेच झालं तर? ते म्हातारपण. रक्तवाहिन्या कडक झाल्या, मेंदू वाळला, संपलं. म्हणजे साठी बुद्धी नाठी ही म्हण फक्त आपल्या माजघरात नव्हती, ती साठ वर्षं युरोप-अमेरिकेच्या वैद्यकशास्त्रातही होती. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतले पुंजके अक्षरशः मोजले आणि माणूस जिवंत असताना त्याची बुद्धी किती चालत होती त्याच्याशी ताडून पाहिले. पुंजके जास्त, तशी बुद्धी जास्त ढासळलेली. १९७६ मध्ये अमेरिकेतले मेंदूरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात स्पष्ट लिहिलं की पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा रोग एकच आहे, आणि तसं धरलं तर हा दुर्मीळ नाही, मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्या दिवसापासून संशोधनाला पैसा आणि माणसं मिळायला लागली.

इथे कोणी म्हणेल, पण वयाबरोबर होतोच ना? पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी हा धोका साधारण दुप्पट होतो, हे खरं आहे. मोतीबिंदूही वयाबरोबर होतो. म्हणून आपण मोतीबिंदूला 'वय झालं' म्हणून सोडून देतो का?

नुसत्या वयाने काय होतं तेही सांगते, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या मनात तो प्रश्न आहे हे मला चेहऱ्यांवर दिसतंय. नाव जिभेवर येतं आणि अडतं, रात्री दोन वाजता आठवतं. एका वेळी दोन कामं पूर्वीसारखी जमत नाहीत. मंडईत गेलात आणि कोथिंबीर विसरलात, हे वय. मंडईतून पिशव्या भरून आलात, अर्ध्या तासाने चपला घालून पुन्हा निघालात, आणि मघाशी जाऊन आल्याचं कोणी सांगितलं तरी ते खरं वाटेना, तर मात्र दाखवायला हवं. पहिल्यात आठवण साठवलेली असते, फक्त काढायला वेळ लागतो. दुसऱ्यात ती साठवलीच जात नाही. नवी आठवण नोंदवणारा मेंदूचा भाग कानशिलाच्या आत असतो, हिप्पोकॅम्पस. टाऊचे गुंते त्याच्या अगदी शेजारून सुरू होतात. जर्मनीतल्या हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ मध्ये या प्रवासाचे सहा टप्पे ठरवले. नंतर त्यांनी १ ते १०० वर्षं वयाच्या २,३३२ माणसांचे मेंदू तपासले, तेव्हा गुंत्यांच्या पहिल्या खुणा कित्येकांत तरुणपणीच दिसल्या. लक्षणं यायच्या वीस-वीस वर्षं आधी हे काम आत सुरू झालेलं असतं. आत्याचं पाचवं कॅलेंडर मला सुरुवात वाटलं होतं. ती बहुधा सुरुवात नव्हतीच.

आता ज्या संशोधनावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, त्याकडे येते.

१९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन नावाच्या तरुण साथरोगतज्ज्ञाने अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मँकाटो गावच्या एका कॉन्व्हेंटमध्ये जाऊन वृद्ध ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, अभ्यास सुरू केला. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम हा त्यांचा संघ, आणि नावाप्रमाणे बहुतेक सगळ्या शिक्षिका. जोगिणीच का? विचार करा. म्हातारपणाचा अभ्यास करायचा तर मोठी अडचण ही की माणसं सारखी नसतात. एक विडी ओढतो, एक नाही. एकाला दूध-तूप, एकाला चटणी-भाकरी. एकाला दवाखाना शेजारी, एकाला तालुक्याला. या बायका विशीपासून एकाच छपराखाली, एकच जेवण, एकच डॉक्टर, विडी-सिगारेट नाही, दारू जवळजवळ नाही, बाळंतपणं नाहीत. मग एक पंचाऐंशीव्या वर्षी लख्ख आणि दुसरी अंथरुणावर का? फरक शोधायला याहून चांगली जागा नाही.

स्नोडन यांनी पुढे मोठी गोष्ट मागितली. दर वर्षी स्मरणशक्तीची तपासणी, आणि मृत्यूनंतर मेंदू. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकाभरच्या ज्या वृद्ध सिस्टर्सना विचारलं, त्यांतल्या दर तिघींतल्या दोघींनी हो म्हटलं. एकूण ६७८ जणी, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर मुलांना शिकवलं, मेल्यावरही शिकवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. मी शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये उभी राहिलेली बाई आहे. देह देणाऱ्या माणसाचं आपल्यावर केवढं ऋण असतं ते मला माहीत आहे. ६७८ सह्यांचा तो आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

सिस्टर मेरी १०१ वर्षांच्या होऊन गेल्या. ऐंशी ओलांडेपर्यंत शिकवत होत्या. शेवटच्या काळातली स्मरणशक्तीची चाचणी ३० पैकी २७ गुणांची. तिशीतल्या थकलेल्या माणसालाही कधी कधी तेवढे पडत नाहीत. त्यांचा मेंदू तपासणीसाठी आला तो ८७० ग्रॅमचा. स्त्रीचा मेंदू साधारण बाराशे ग्रॅमच्या आसपास असतो. काचपट्टीवर पुंजके आणि गुंते भरपूर. नुसती काचपट्टी माझ्या हातात दिली असती तर मी निःशंकपणे लिहिलं असतं, 'अल्झायमर'. आणि ही बाई शेवटपर्यंत सगळ्यांना नावाने हाक मारत होती.

न्यूकॅसलमध्ये पुंजके मोजले, तिथे हिशेब जुळला. इथे जुळत नाही. दोन्ही खरं आहे, आणि इथूनच हा विषय खोल होतो. रोग मेंदूत असणं आणि रोग माणसाच्या वागण्यात दिसणं, यांच्या मध्ये काहीतरी आहे. संशोधक त्याला राखीव क्षमता म्हणतात. घरात दाणे किती साठवलेत त्यावर दुष्काळ किती जाणवेल ते ठरतं, तसं काहीसं.

ही साठवण कधी होते? स्नोडन यांना दप्तरात एक घबाड सापडलं. शपथ घेण्याआधी प्रत्येक तरुण मुलीने पानभर आत्मवृत्त लिहून द्यायचं, अशी संघाची रीत होती. सरासरी वय २२. साठ वर्षं ते कागद कपाटात पडून होते. भाषातज्ज्ञ सुझन केम्पर यांच्या साथीने त्यांनी ९३ आत्मवृत्तं तपासली आणि दर दहा शब्दांत किती कल्पना येतात ते मोजलं. आपल्या भाषेतलं उदाहरण मी तयार करून आणलं आहे. एक मुलगी लिहिते, 'माझा जन्म मिरजेला झाला. वडील रेल्वेत होते. आम्ही पाच भावंडं. मी सातवी पास झाले.' दुसरी लिहिते, 'मिरजेच्या रेल्वे चाळीत, गाड्यांच्या शिट्ट्यांवर घड्याळ लावणाऱ्या वडिलांमुळे वेळेची शिस्त लागली आणि जात्यावरच्या आईच्या ओव्यांमुळे शब्दांची गोडी.' दुसरीत विचार दाटीने बसले आहेत. १९९६ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या विशीतल्या लेखनात ही दाटी कमी होती, त्यांना उतारवयात विस्मरणाचा त्रास जास्त. तोवर गेलेल्या १४ जणींचे मेंदू तपासले होते. दाटी कमी असलेल्या सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर होता, दाटी जास्त असलेल्यांपैकी एकीच्याही नव्हता.

चौदा हा आकडा लहान आहे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे आणि तुम्हालाही सांगते. शिवाय दाटी कमी म्हणून पुढे रोग झाला, की रोगाची चाहूल इतक्या आधीपासून लेखणीत उतरली होती, हा वाद मिटलेला नाही. पण मुलांना वाचून दाखवणं, गोष्टी सांगायला लावणं, मुलीची शाळा सातवीत न सोडवणं, याचा धागा ऐंशीव्या वर्षापर्यंत पोचतो, एवढं मला यातून पटलं आहे.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आपल्या घराघरात लागू आहे, म्हणून जरा थांबते. १९९७ मध्ये स्नोडन यांनी १०२ सिस्टर्सच्या मेंदूंचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांत ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरचं निदान व्हावं इतके पुंजके-गुंते होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली, मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटून आलेले बारीक झटके. बारीक म्हणजे खरोखर बारीक, कधी हरभऱ्याएवढा तर कधी तिळाएवढा खड्डा. हात-पाय लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, माणसाला कळतही नाही. या ६१ जणींत असे झटके नसलेल्यांपैकी ५७ टक्के जणींना जिवंतपणी स्मृतिभ्रंश, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतकं विस्मरण, होता. एक-दोन का होईना, खोल भागात असे खड्डे असलेल्यांपैकी ९३ टक्के जणींना. रोग तोच, पण रक्तदाबाने मेंदूला आणखी दोन भोकं पाडली आणि राखीव क्षमता संपली.

हे खड्डे मी हाताने चाचपले आहेत. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेल्या मेंदूचा काप ताटलीत घेतला की गुळगुळीत राखाडी भागात अचानक एक टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी बोटाला लागते. ज्यांच्या मेंदूत ती असते त्यांच्या केसपेपरवर पुष्कळदा एक ओळ असते, 'रक्तदाबाची गोळी अनियमित'. आत्या गोळी डोकं दुखलं की घ्यायची. दुखायचं थांबलं की बंद. महिन्याची पाकिटं तिला तीन महिने पुरायची आणि ती ते काटकसर म्हणून सांगायची.

अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. वरचा रक्तदाब १४० च्या आत ठेवण्याऐवजी १२० च्या आत ठेवला, तर विस्मरणाची सौम्य अवस्था येण्याचं प्रमाण कमी झालं. पूर्ण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. १२० हा आकडा प्रत्येकाला झेपेल असंही नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण गोळी रोजची रोज, हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या देशाचं काय? हरियाणातल्या बल्लभगढच्या आसपासच्या खेड्यांत विजय चंद्रा आणि मेरी गांगुली यांच्या गटाने १९९० च्या दशकात काम केलं. निरक्षर माणसाची स्मरणशक्ती कशी तपासणार? अमेरिकेतल्या चाचणीत कागदावर 'डोळे मिटा' असं लिहिलेलं असतं, वाचून तसं करायचं. इथे तपासणारा म्हणाला, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि डोळे मिटले. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा, असं विचारलं. किती साधी गोष्ट, पण ती करायला कोणीतरी ओट्यावर बसून विचार करावा लागतो. बँकेचा चेक लिहिता येतो का, हा प्रश्न तिथे निरर्थक होता, म्हणून रोजच्या कामांचीही वेगळी प्रश्नावली करावी लागली. या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण जगातल्या सगळ्यात कमी प्रमाणांपैकी एक निघालं. त्याची कारणं बरीच सांगितली जातात, एक जनुकाचंही आहे. मला मात्र घरातलं एक कारण डाचतं. म्हातारीला आपल्याकडे कोणी काही विचारतच नाही. पैसे मुलाकडे, स्वयंपाक सुनेकडे, औषधं नातवाकडे. ती चुकणार कुठे? चूक दिसायला काम हातात असावं लागतं. आत्या एकटी राहत होती आणि दुधाचा हिशेब तिच्याकडे होता, म्हणून निदान कॅलेंडर तरी उरलं.

२०२३ मध्ये देशभरच्या पाहणीचे आकडे आले. साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि बल्लभगढच्या आकड्यांवरून वाटलं असतं त्याच्या उलट, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. शाळेत न गेलेली बाई आणि खेडं, हे पुन्हा एकत्र आलेलं बघा.

हैदराबादचं एक काम मला फार आवडतं. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि हे निरक्षर माणसांतही दिसलं. तेलुगू, दखनी, हिंदी यांत दिवसभर ये-जा करणारी बाजारातली माणसं. सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही, तेव्हा यावर शिक्का मारू नका. पण सोलापूर-बेळगावकडे मराठी, कानडी, तेलुगू एका वाक्यात बोलणाऱ्या आज्या मला त्या दिवसापासून वेगळ्याच दिसायला लागल्या.

औषधांबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून थोडक्यात. डोनेपेझिल १९९६ पासून आहे. काही जणांना काही काळ थोडी मदत होते, रोग थांबत नाही. अमायलॉइडचे पुंजके साफ करणारी नवी इंजेक्शनं आली आहेत. त्यांतल्या लेकॅनेमॅबची चाचणी १,७९५ लोकांवर झाली. दीड वर्षात रुग्ण ढासळण्याचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात १८ गुणांच्या मापावर फरक होता ०.४५ चा. दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, वेळोवेळी एमआरआय, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव. शास्त्रज्ञ म्हणून मला याचा आनंद आहे, कारण शंभर वर्षांपूर्वी काचपट्टीवर दिसलेली गोष्ट हलवली तर रोग थोडा तरी हलतो, हे पहिल्यांदा दिसलं. पण यासाठी शेत विकू नका, हेही मी इथे मोठ्याने सांगते. रक्तातून रोगाचा माग काढणाऱ्या पहिल्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ती लक्षणं असलेल्यांसाठी आहे. उगाच भीतीपोटी करून घ्यायची नाही.

कानांचं मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणं मोजली, जी हाताळली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपणा, न काढलेला मोतीबिंदू वगैरे. यादीत वरच्या क्रमांकावर आहे ऐकू न येणं. श्रवणयंत्रांची तीन वर्षांची एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरसकट सगळ्यांत फायदा दिसला नाही, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात बुद्धी उतरण्याचा वेग जवळपास निम्मा झाला. आपल्याकडे चष्मा लावायची लाज गेली, कानातल्या यंत्राची अजून जात नाही. आजोबा 'हं, हं' करत बसतात आणि घरातले म्हणतात, आता त्यांचं लक्ष नसतं. लक्ष असतं हो. ऐकू येत नाही.

शेवटी पुन्हा दानाकडे येते. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात एका मोठ्या कुळात पिढ्यान्पिढ्या चाळिशीतच हा रोग येतो. डॉक्टर फ्रान्सिस्को लोपेरा यांनी त्या डोंगरातल्या घरांत तीन दशकांहून जास्त काळ हिंडून त्यांची वंशावळ जमवली. त्यांतल्या एका बाईत रोगाचं जनुक होतं, तरी सत्तरी गाठेपर्यंत ती ठीक राहिली. तिच्यात दुसरा एक दुर्मीळ बदल होता, तो तिला वाचवत होता. आज औषधांचे काही नवे मार्ग त्या बदलाकडे बघून शोधले जात आहेत. ती गेली तेव्हा तिचा मेंदूही संशोधनाला मिळाला. तिचा मेंदू चितेवर किंवा मातीत गेला असता तर निम्मी गोष्ट कायमची गेली असती.

महाराष्ट्रात देहदानाचे अर्ज लोक मोठ्या मनाने भरतात. पण देहदान वेगळं आणि मेंदूदान वेगळं. मेंदू संशोधनाला उपयोगी पडायचा तर मृत्यूनंतर काही तासांत काढावा लागतो, आणि नातेवाइकांनी त्या वेळी हो म्हणावं लागतं. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे. आत्याचा मेंदू कोणी तपासला नाही. पुंजके किती होते आणि तिळाएवढे खड्डे किती, मला कधीच कळणार नाही, आणि मी त्याच विषयाची शिक्षिका होते.

गेल्या दिवाळीत मुलगा आणि सून घरी होते तेव्हा मी त्यांना माझ्या मेंदूबद्दल सांगितलं. कोणाला फोन करायचा, किती वेळात करायचा, तो कागद कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे. मुलगा उठून खिडकीशी गेला. सून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तिथे काय सापडलं ते आम्हाला सांगतील का?"

मी म्हटलं, "विचारलंस तर सांगतील."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि ड्रॉवर उघडून कागद कुठे आहे ते बघून आली.